पतसंस्थेच्या संकेतस्थळासाठी जावास्क्रिप्ट घ्यावी की एल्मसारखी काटेकोर प्रोग्रामिंग भाषा?

निपाणीतल्या पतसंस्थेचे काम असेल, तर हिशेबाचा भाग एल्ममध्येच लिहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जावास्क्रिप्टमध्ये अर्जात भरलेली रक्कम स्ट्रिंग म्हणून, म्हणजे संख्या नव्हे तर नुसता मजकूर म्हणून येते. त्यामुळे तशीच वापरली, तर ५०० मध्ये ५० मिळवल्यावर ५५० ऐवजी ५००५० तयार होते आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. एल्ममध्ये मात्र त्या मजकुराची संख्या झालीच नाही तर काय करायचे, हे लिहिल्याखेरीज कंपायलर (लिहिलेला कोड तपासून चालवण्याजोग्या रूपात बदलणारा प्रोग्राम) पुढे जाऊ देत नाही, आणि ठेवीदारांच्या पैशांशी गाठ असताना मला हा अडथळा आधार वाटतो. मराठी-कन्नड सूचनांच्या पानांना जावास्क्रिप्ट पुरेशी आहे. एल्म जाणणारे सहकारी बेळगावात मिळाले नाहीत, तर २०१२ साली आलेली टाइपस्क्रिप्ट, म्हणजे संख्या की मजकूर असे माहितीचे प्रकार तपासणारी जावास्क्रिप्टची विस्तारित आवृत्ती, वापरावी. मात्र तिची तपासणी कंपाइल करतानाच संपते, म्हणून बाहेरून आलेली माहिती प्रोग्राम चालताना वेगळी तपासावीच लागते.