गाडी ऑइल खातेय, इंजिन खोलायचं का?

प्रश्न: वडिलांची २००४ ची शंभर सीसी गाडी आहे, रोज बार्शी ते कुर्डुवाडी जातो. सकाळी स्टार्ट केली की निळसर धूर येतो मग बंद होतो, ऑइल पण कमी होतंय. मेस्त्री म्हणतो इंजिन बोअर करावं लागेल, म्हणजे सिलेंडर आतून कापून थोडा मोठा करायचा. खरंय का?

उत्तर: थांबा, लगेच खोलू नका! धूर फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला येत असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली जाऊ न देणारे रबर) कडक झालेत, रात्रभर ऑइल झिरपतं आणि सकाळी जळतं. सील स्वस्त असतात, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवलं की काम होतं, बोअरला हात लावायची गरज नाही. पण रेस केल्यावर, चढाला सतत धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा. एक टेस्ट करा, स्पार्क प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल टाका, प्लग लावा आणि इग्निशन बंद ठेवून हाताने किक दाबून बघा, आधीपेक्षा जड लागली तर रिंगा किंवा सिलेंडर घासलाय. मग मात्र बोअर, पिस्टन ०.२५ मिमी ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा मोठा. मेस्त्रीला माप घेऊन दाखवायला सांगा, नुसत्या अंदाजावर पैसे देऊ नका. आणि तोवर दर आठवड्याला ऑइल बघत जा, कमी ऑइलवर पळवली तर व्हॉल्व्ह उघडणारा कॅम पण जाईल.