डब्यातला आवाज आणि पिंजलेला कापूस

हेडफोनमध्ये घरच्या घरी बदल करण्याविषयी मराठवाड्यातून आलेल्या चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्रातील प्रश्न सर्वांत व्यापक असल्याने त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी शास्त्रीय संगीत आणि कीर्तने ऐकतो. माझ्याकडे बंद कपांचा, वायरचा, साधारण किमतीचा हेडफोन आहे. त्यात डग्गा इतका घुमतो की गायक त्याखाली दबतो, आणि गायकाचा आवाजही डब्यात बोलल्यासारखा येतो. कप उघडून आत कापूस आणि मुलांची खेळण्याची क्ले भरली की आवाज सुधारतो, असे मित्र सांगतात. हे खरे आहे काय? करायचे झाल्यास कोणत्या क्रमाने करावे?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, त्यामुळे एकाच उपायाने दोन्ही दूर होतील अशी अपेक्षा ठेवू नये. डग्ग्याचा घुमारा साधारणपणे ८० ते २०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, पट्ट्यात असतो. डब्यातल्यासारखा आवाज मात्र बऱ्याचदा कपाच्या आतल्या भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे येतो, आणि त्याचा पट्टा पुष्कळ वरचा असतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर एकमेकींसमोर चार सेंटिमीटर अंतरावर असलेल्या दोन भिंतींमधील पहिले अनुनादन, म्हणजे ध्वनी भिंतींमध्ये पुन्हा पुन्हा परतून जोर धरतो ती जागा, सुमारे ४,३०० हर्ट्झवर येते आणि आठ सेंटिमीटर अंतर असल्यास ते सुमारे २,१५० हर्ट्झवर येते. कापूस या पट्ट्यात उपयोगी पडतो. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. कपात मावणारा चिमूटभर कापूस तिला शोषू शकत नाही. म्हणून मित्रांचे म्हणणे निम्मे खरे आहे, एवढेच म्हणता येईल.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी आपल्याला नेमके काय बदलायचे आहे, ते इक्वलायझरने, म्हणजे आवाजाचे खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने, ठरवावे. संगणकावर विंडोज असेल तर ‘इक्वलायझर एपीओ’ मोफत मिळतो आणि अँड्रॉइड फोनसाठी ‘वेव्हलेट’ आहे. १५० हर्ट्झच्या आसपास तीन-चार डेसिबल कमी करून आपल्या नेहमीच्या ध्वनिमुद्रणातला डग्गा ऐकावा. नंतर ते पूर्ववत करून २,००० ते ५,००० हर्ट्झच्या दरम्यान एकेक जागा खाली आणून गायकाचा आवाज ऐकावा. ज्या जागी आवाज मोकळा वाटेल ती लिहून ठेवावी. माझ्या मते निम्म्याहून अधिक वाचकांचे काम एवढ्यावरच भागेल आणि कप उघडण्याची वेळच येणार नाही. मात्र एखादा पट्टा वाढवायचा असेल तर तेवढेच डेसिबल एकूण पातळीतून कमी करावेत, अन्यथा आवाज फाटतो.

यानंतरही उघडायचेच असेल तर हमीची मुदत संपली आहे ना, हे आधी पाहावे. बहुतेक हेडफोनमध्ये स्क्रू कुशनखाली लपलेले असतात. कुशन हळूच ओढून काढावे, ड्रायव्हरच्या, म्हणजे पातळ पडदा हलवून आवाज काढणाऱ्या भागाच्या, जाळीवर कागद ठेवून तो चिकटपट्टीने कडांना धरून ठेवावा आणि मगच पुढे जावे. ड्रायव्हरमध्ये बळकट चुंबक असते. ते लोखंडी स्क्रूड्रायव्हर असा झटक्याने ओढून घेते की टोक सरळ पडद्यात शिरू शकते, आणि हा पडदा मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच जाड असतो. लोखंडाचा कीस पडलेल्या टेबलावर तर हे काम करूच नये. उघडलेल्या कपाचे, आतल्या तारांच्या जागांसह, फोनवर छायाचित्र घेऊन ठेवावे.

आता कापूस. तो आपल्याकडे मुबलक आहे, म्हणून गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस भरण्याचा मोह होईल. परंतु त्यात सरकीचे कण आणि धूळ राहते आणि सुटे तंतू ड्रायव्हरच्या मागच्या छिद्रांतून आत जाऊ शकतात. औषधाच्या दुकानातील गुंडाळीचा कापूस घ्यावा, त्याचा पातळ थर सुटा करून कपाच्या मागच्या भिंतीलगत ठेवावा आणि ड्रायव्हरच्या पाठीला तो टेकू देऊ नये. दाबून भरलेला कापूस शोषण्याचे काम नीट करत नाही, शिवाय कपातील हवेची जागा व्यापून खालच्या स्वरांचा तोलही बदलतो. लोकरी नमद्याचा अर्धा सेंटिमीटर जाडीचा तुकडा मिळाला तर तो कापसापेक्षा बरा, कारण तो जागचा हलत नाही आणि काढायचा झाल्यास एका हिसक्यात निघतो.

क्लेचे काम वेगळे आहे. ती ध्वनी शोषत नाही. प्लास्टिकच्या पातळ भिंतीला वजन देऊन तिची थरथर कमी करते. कपावर बोटाने टिचकी मारून पाहावी. आवाज पोकळ आणि लांबणारा आला तर वजन देण्यात अर्थ आहे, बद्द आवाज आला तर काहीच करू नये. क्ले तेलाची असते आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांपुढे जातो तेव्हा ती मऊ पडून तेल सोडते. बंद मोटारीत ठेवलेल्या हेडफोनमध्ये तर ती घसरून तारांवर बसण्याची भीती असते. मोटारींचे सुटे साहित्य विकणाऱ्या दुकानांत गाडीच्या दाराला आतून चिकटवण्याची ब्युटाइलची पट्टी मिळते, तिचे नाण्याएवढे दोन-तीन तुकडे पुरेत. संपूर्ण भिंत मढवली की हेडफोन जड होतो आणि मानेला त्याचा त्रास आवाजातील सुधारणेपेक्षा लवकर जाणवतो.

राहिला डग्गा. त्याची किल्ली बहुधा छिद्रांमध्ये असते. कपाला बाहेरच्या बाजूस बारीक छिद्र असते आणि ड्रायव्हरच्या पाठीवरील छिद्रांवर कागद किंवा कापड चिकटवलेले असते. त्यांतून हवा किती सहज ये-जा करते यावर खालचा घुमारा अवलंबून असतो. जखमेवर लावण्याची सच्छिद्र कागदी टेप, म्हणजे औषधाच्या दुकानातील मायक्रोपोर, हे येथे सर्वांत उत्तम साधन आहे. ती हवा पूर्ण अडवत नाही, केवळ तिचा वेग मंदावते. कपाच्या बाहेरच्या छिद्रावर तिचा एक थर लावून ऐकावे, मग दुसरा. या कामासाठी कप उघडावाही लागत नाही, म्हणून आपल्या बाबतीत मी सुरुवात येथूनच करीन. मात्र ज्या छिद्रांमुळे ड्रायव्हरच्या पुढची आणि मागची हवा जोडली जाते ती झाकल्यास परिणाम नेमका उलटा होऊन खालचे स्वर वाढू शकतात, त्यामुळे कोणते छिद्र कोठे उघडते हे पाहिल्याशिवाय टेप लावू नये.

बदल पारखण्याची एक युक्ती सांगतो. दोन्ही कप एकदम बदलू नयेत. एकाच कपात बदल करावा, फोनमधील मोनो ऑडिओ, म्हणजे दोन्ही कानांना एकच ध्वनी देणारी सोय, सुरू करावा आणि तेच ध्वनिमुद्रण दोन्ही कानांनी ऐकून फरक पाहावा. त्यानंतर हेडफोन उलटा घालून पुन्हा ऐकावे, कारण आपले दोन कान सारखे ऐकत नाहीत. फरक कपाबरोबर दुसऱ्या कानाला गेला तर तो खरा. तुलना करताना आवाजाची पातळी समान ठेवणे आवश्यक आहे. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो आणि हौशी लोकांची बहुतेक ‘सुधारणा’ तेथेच जन्म घेते.

या छंदात जपानच्या फॉस्टेक्स कंपनीच्या टी-५०-आरपी या हेडफोनचे नाव वारंवार निघते. त्याचे कप स्क्रूने सहज उघडतात आणि आतील सपाट पडद्याचा ड्रायव्हर बदलांना चांगली दाद देतो. अमेरिकेतील डॅन क्लार्क यांनी याच हेडफोनमध्ये बदल करून विकण्यापासून सुरुवात केली आणि पुढे स्वतःचे हेडफोन घडवले. त्या हेडफोनसाठी सांगितलेला कापूस आणि क्ले आपल्या कपात जशीच्या तशी भरू नये, कारण ते प्रमाण त्या कपाच्या आकाराला आणि त्या ड्रायव्हरला बेतलेले आहे.

प्रश्न : माझ्या हेडफोनच्या कुशनचे रेक्झिन सोलून काळे कपटे कानाला आणि मानेला चिकटू लागले, म्हणून मखमली कापडाची कुशने बसवली. घाम कमी येतो, पण तबला एकदम पातळ झाला आहे. ड्रायव्हर बिघडला असेल काय?
— एक वाचक, परभणी

उत्तर : ड्रायव्हर ठीक असण्याचीच शक्यता अधिक आहे. बंद कपाच्या हेडफोनमध्ये खालचे स्वर टिकतात ते कान आणि पडदा यांमधील हवा कोंडलेली राहते म्हणून; रेक्झिन ती कोंडून धरते, मखमली कापडातून ती निसटते. कुशन तळहातांनी कानाभोवती हलकेच दाबावे. तबला लगेच भरदार झाला तर दोष गळतीचा आहे. चष्म्याच्या काड्यांमुळेही अशीच गळती होते. पारख तानपुऱ्यावर करण्यापेक्षा डग्ग्यावर करावी. काळी एकच्या पट्टीत खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागते, परंतु तिचे मूळ कंपन क्षीण असते आणि वरच्या स्वरांवरून कान ते स्वतःच पुरे करून घेतो, त्यामुळे गळती लपून राहते.

मधला मार्ग असा, की आतून आणि बाहेरून रेक्झिनची भिंत असलेले, पण कानाला टेकणारा भाग कापडाचा असलेले कुशन घ्यावे. जुन्या कुशनची जाडी आणि आतील छिद्राचा व्यास मोजून तशाच मापाचे घ्यावे; जाडी बदलली की कान आणि ड्रायव्हर यांतील अंतर बदलते आणि वरचे स्वरही बदलतात. नुसता आकार जुळला म्हणून घेतलेले कुशन पुष्कळदा आवाजाचा सगळा तोल घालवते. कूलरच्या घरघरीत बसून ऐकणाऱ्यांसाठी ही गळती दुहेरी नुकसानीची आहे, कारण बाहेरचा गोंगाट आत येतो आणि त्यावर मात करण्यासाठी आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली सुरक्षित मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे.

प्रश्न : मुलगा नीटच्या अभ्यासाची व्याख्याने हेडफोनवर ऐकतो. प्लगजवळ वायर तुटली आहे. जोडताना चांदीचा मुलामा दिलेली जाड वायर टाकली तर आवाज सुधारेल, असे दुकानदार म्हणतो. शिवाय मी स्वतः जोड दिला तेव्हा शिक्षकांचा आवाज गेला आणि मागचे संगीत तेवढे ऐकू येते.
— एक पालक, लातूर

उत्तर : आधी दुसरी गोष्ट. दोन्ही बाजूंची सामाईक परतीची तार, म्हणजे ग्राउंड, आपल्या जोडात लागलेली नाही. तसे झाले की दोन्ही ड्रायव्हर एकापाठोपाठ एक जोडले जाऊन त्यांत डाव्या-उजव्या ध्वनीतला फरक तेवढा वाजतो. शिक्षकांचा आवाज दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे तो नाहीसा होतो. ही तार न लागण्याचे नेहमीचे कारण असे, की हेडफोनच्या बारीक तारांवर वार्निशचा लेप असतो. विहिरीवरची मोटार भरून देणाऱ्यांकडच्या तांब्याच्या तारेवर असतो तसाच तो असतो, आणि तो काढल्याशिवाय जोड दिसायला पक्का असला तरी वीज वाहत नाही. गरम सोल्डरच्या थेंबात टोक थोडा वेळ धरले की लेप जळतो; टोक चांदीसारखे चमकू लागले म्हणजे झाले. साध्या तीन भागांच्या प्लगमध्ये टोक डावीकडचे, मधले कडे उजवीकडचे आणि मागचा भाग ग्राउंड असतो. माइक असलेल्या चार भागांच्या प्लगमध्ये हल्लीच्या फोनना चालणाऱ्या पद्धतीनुसार तिसरा भाग ग्राउंड आणि शेवटचा माइक असतो.

चांदीविषयी : तांब्यापेक्षा चांदी सुमारे सहा टक्के अधिक चांगली वाहक आहे. ३२ ओहमच्या हेडफोनला एक ओहम रोध असलेली वायर लावली, तरी पातळीत पाव डेसिबलचाच फरक पडतो, आणि तोही आवाजाची कळ किंचित फिरवून भरून निघतो. मुलामा त्यातील नगण्य अंश बदलेल. ते पैसे चांगल्या प्लगवर आणि वळणाजवळचा ताण सहन करणाऱ्या रबरी बाहीवर खर्च करावेत.

प्रश्न : ब्लूटूथचा, बाहेरचा गोंगाट कमी करणारा हेडफोन आहे. त्यातही हे सर्व करता येईल काय?
— एक वाचक, जालना

उत्तर : कप उघडू नये. गोंगाट कमी करणारी यंत्रणा कपातील सूक्ष्म मायक्रोफोनने आतला ध्वनी मोजून उलटा ध्वनी तयार करते आणि तिचे गणित मूळ कुशन व मूळ हवेची जागा गृहीत धरून बसवलेले असते. कापूस किंवा वेगळे कुशन घातले की शिट्टी किंवा गुरगुर सुरू होऊ शकते. त्याशिवाय आत लिथियमची बॅटरी असते आणि तिला टोकदार अवजार लागणे धोक्याचे आहे. आपल्यासाठी उपाय दोनच : कंपनीच्या ॲपमधील इक्वलायझर, आणि कुशन झिजले असल्यास त्याच मॉडेलचे नवे कुशन.