परिसरातल्या वैशिष्ट्यपूर्ण झाडांची पायी फेरी स्वतःची स्वतः कशी आखावी?

दहा-बारा झाडं आणि दोन किलोमीटरच्या आतली वाट पुरेशी आहे. यादी मोठी केलीत की नुसतं चालणं होतं, झाड बघायचं राहून जातं.

ओळख पटवताना फुलांची वाट पाहू नका, पानांपासून सुरुवात करा. पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक? आपण पान समजतो ती कित्येकदा संयुक्त पानाची (एकाच देठावर अनेक छोट्या पानांसारखे भाग असलेल्या पानाची) एक पर्णिका, म्हणजे त्यातला एक भाग असते. खूण सोपी आहे: खऱ्या पानाच्या देठाच्या बेचक्यात कोंबाची बारीक कळी असते, पर्णिकेच्या बुडाशी नसते. एवढं जमलं तरी निम्मे घोळ मिटतात. पानगळीत मात्र साल आणि फांद्यांची ठेवण बघावी लागते.

बुंध्याचा घेर जमिनीपासून साधारण 1.3 मीटर उंचीवर मोजा. वनस्पती अभ्यासकही तिथेच मोजतात. घेरावरून वय मात्र ठरवू नका. वडाच्या पारंब्या खोडाला मिळून घेर फुगतो, आणि काही जाती मुळातच भराभर वाढतात.

नकाशावर प्रत्येक झाडाशेजारी त्याचा बहराचा महिना लिहा आणि तीच फेरी दुसऱ्या ऋतूत पुन्हा करा. खासगी आवारातलं झाड रस्त्यावरूनच पाहा.