वॉटर पंप बदलल्यापासून कूलंट कमी होतंय, पण खाली थेंब नाही. हेड गॅस्केट गेली असेल का?

तीन आठवड्यांपूर्वी पंप बदलला, तेव्हापासून दर चार-पाच दिवसांनी पाव लिटर कूलंट टाकावं लागतंय, टेम्परेचरचा काटा मात्र जागेवर, आणि आता गॅरेजवाले म्हणताहेत "हेड उतरवून बघू". तुमचा प्रश्न वाचून माझंच जुनं दुखणं आठवलं. हेड म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांवरचा भाग, आणि त्याच्या खालचं सील म्हणजे हेड गॅस्केट. हेडला इतक्यात हात लावू देऊ नका. हा त्रास पंप बदलल्यावरच सुरू झाला ना? मग जिथे पाना लागला तिथेच आधी शोधायचं.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही. पंप का बदलला? जुना पंप गेला तेव्हा गाडी तापून काटा लाल पट्ट्यात गेला असेल, तर हेड गॅस्केटची शंका खरी असू शकते. नुसता गळत होता म्हणून बदलला असेल, तर ती बरीच लांबची गोष्ट.

कूलंट नव्याने भरल्यावर आत हवा अडकते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ती बाहेर पडते आणि पातळी थोडी उतरते, यात काही वावगं नाही. पण तीन आठवडे सारखी उतरत राहिली तर कुठेतरी गळती आहेच.

माझ्या गाडीचा थर्मोस्टॅट बदलला होता. खाली डबकं सोडा, ओलसुद्धा नाही. शेवटी एका पहाटे, इंजिन थंडगार असताना, टॉर्च घेऊन बॉनेटमध्ये डोकं घातलं. होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या, टोकाशी, क्लिपच्या मागे, गुलाबी दंतमंजन सांडल्यासारखी पूड जमली होती. बोट लावलं तर जरा चिकट. मेस्त्रीने जुनीच स्प्रिंगची क्लिप परत लावली होती, ती सैल पडलेली आणि निम्मी पाइपाच्या कडेवर चढलेली. थेंब गरम इंजिनवर पडायचा, पाणी उडून जायचं, रंग तेवढा मागे राहायचा. जमिनीपर्यंत काही पोचायचंच नाही. तुमचं कूलंट हिरवं असेल तर पूड हिरवट दिसेल. पंपाच्या अंगावर शाफ्टखाली एक बारीक छिद्र असतं, तिथेही बघा. आतलं सील गळत असेल तर कूलंट तिथूनच बाहेर येतं.

मोजायचं ते सकाळी, थंड गाडीवर, कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारून. तुमच्या गाडीला रेडिएटरवर वेगळं झाकण आणि बाजूला साधी प्लास्टिकची बाटली असेल, तर बाटलीवर विश्वास ठेवू नका. झाकणाचं रबर किंवा बाटलीकडे जाणारी नळी खराब असेल तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. झाकण उघडून बघा, पण पूर्ण थंड झाल्यावरच. गरम गाडीचं झाकण उघडून भाजून घेतलेला माणूस मी पाहिलाय.

मग गॅरेजवाल्याला प्रेशर टेस्ट करायला सांगा. झाकणाच्या जागी हातपंप बसवतात आणि झाकणावर छापलेला असतो तेवढा, साधारण १ बारच्या आसपास, दाब देतात. इंजिन थंडच हवं. पंधरा-वीस मिनिटांत हातपंपाचा काटा उतरला तर गळती आहे, आणि बहुतेकदा ती डोळ्यांनीच दिसते. बाहेर कुठेच थेंब नाही आणि काटा तरी उतरतोय, तर पुढच्या सीटसमोरचं मॅट उचलून बघा, हीटरचा कॉइल गळत असेल. तिथेही कोरडं असेल तरच हेडकडे वळायचं.

हेडचीसुद्धा उतरवण्याआधी चाचणी होते. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी धरतात. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं. घरच्या घरी बघायचं तर थंड गाडी सुरू करून मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज दाबा. इतक्या लवकर दगडासारखा कडक झाला तर लक्षण वाईट.

आणि कुणी हळद किंवा गळती बंद करणारी पावडर टाकायला सांगितलं तर नको म्हणा. ट्रकवाले हळद घालून गावापर्यंत पोचतात हे खरं, पण तोच गाळ पुढे हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

प्रेशर टेस्टमध्ये काटा किती वेळात उतरला आणि थेंब कुठे दिसला ते खाली लिहा. पंपाच्या कामाचं बिल जपून ठेवा, गळती तिथेच निघाली तर ते दाखवून गॅरेजवाल्याशी बोलता येईल.