बडोद्याहून जर्मनीत : शोध कोणाचा, कंपनी कोणाची

आपण विचारले आहे की बडोद्यात पीएच.डी. पूर्ण करून जर्मनीत पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचा संशोधक) म्हणून यावे आणि पाणी शुद्ध करणाऱ्या मेम्ब्रेनवरील, म्हणजे गाळण्याच्या पातळ पडद्यावरील, संशोधनातून पुढे तेथेच कंपनी काढावी, हे कितपत जमण्यासारखे आहे. शिवाय पत्नी आणि सात वर्षांची मुलगी सोबत असताना काय ध्यानात ठेवावे. व्हिसासाठी लागणारी कागदपत्रे वकिलातीच्या संकेतस्थळावर सविस्तर दिलेली आहेत, म्हणून त्यांविषयी मी लिहीत नाही. मीही बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेतूनच शिकून जर्मनीतील आखेनला आले आणि विद्यापीठातील कामातून निघालेल्या एका छोट्या कंपनीत भागीदार आहे, त्यामुळे आपला प्रश्न वाचून स्वस्थ बसवले नाही.

प्रयोगशाळेतून कारखाना उभा राहणे आपल्या गावाला नवे नाही. १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनाचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांनीच १९०७ मध्ये कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्यासह अलेम्बिक कंपनी काढली. आज मात्र अशा उद्योगाच्या आरंभी पहिला प्रश्न येतो तो शोधाच्या मालकीचा. जर्मनीत प्राध्यापकाचा शोध पूर्वी त्याचा स्वतःचा मानला जाई. तो विशेषाधिकार फेब्रुवारी २००२ मध्ये संपला. आता विद्यापीठाच्या नोकरीत लागलेला शोध लेखी कळवावा लागतो, आणि चार महिन्यांत विद्यापीठाने तो आपणांस मोकळा करून दिला नाही, तर त्यावर विद्यापीठाने हक्क सांगितला असे कायदाच गृहीत धरतो. त्या बदल्यात त्या शोधातून विद्यापीठाला जे उत्पन्न होईल त्याचा ३० टक्के वाटा संशोधकाला मिळतो, जो अन्य नोकरदारांच्या मानाने पुष्कळच उदार आहे. परंतु कंपनी काढणाऱ्याला या वाट्यापेक्षा पेटंट वापरण्याचा एकाधिकार परवाना महत्त्वाचा असतो, कारण गुंतवणूकदार सर्वांत आधी तोच पाहतो. म्हणून आपण नोकरीच्या करारावर येणार की शिष्यवृत्तीवर, हे आधी विचारून घ्या. शिष्यवृत्तीधारक हा कर्मचारी नसल्यामुळे त्याचा शोध आपोआप विद्यापीठाकडे जात नाही. तो मिळवण्यासाठी विद्यापीठ वेगळा करार पुढे करते, आणि तो करार पहिल्या दिवशी सह्या करावयाच्या कागदांच्या गठ्ठ्यात असू शकतो.

जे काम बडोद्यात झाले आहे, त्याची व्यवस्था निघण्यापूर्वी लावा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परदेशात पेटंटचा अर्ज आधी करावयाचा असेल, तर भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३९ नुसार परवानगी घ्यावी लागते किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. प्रबंध किंवा लेख प्रसिद्ध होण्याच्या आत अर्ज गेला पाहिजे, कारण अमेरिका संशोधकाला त्याच्या स्वतःच्या प्रकाशनानंतर एक वर्षाची सवलत देते, पण युरोपीय पेटंटला तशी सर्वसाधारण सवलत नाही. नोंदवहीच्या प्रती काढून त्यांवर तारीख आणि मार्गदर्शकांची सही घ्या. हे मी इतक्या आग्रहाने लिहिते, कारण आमच्या पेटंटवर संशोधक म्हणून माझे नाव आहे, मालकी विद्यापीठाची आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीही गैर नाही. तरीही पेटंटमधील पद्धतीचा पहिला विचार मला बडोद्यातील ज्या प्रयोगशाळेत सुचला, तिचा त्या कागदांत उल्लेखही नाही, याचे दुःख इतक्या वर्षांनंतरही कमी झालेले नाही. बडोद्याला आल्यावर तेथील माझे सर विचारतात, “काम कसे चालले आहे?” आणि मला नीट उत्तर देता येत नाही.

कागदपत्रांचा खरा त्रास निवासपरवान्याचा होतो. संशोधनासाठी मिळालेल्या परवान्यावर स्वतंत्र व्यवसाय आपोआप करता येत नाही. तो परवाना कायम ठेवून व्यवसायाची जादा परवानगी मागावी लागते आणि ती देणे न देणे अधिकाऱ्याच्या हाती असते. मला एका अधिकाऱ्याने सांगितले की कंपनीचा करार दाखवल्याशिवाय अर्ज विचारात घेणार नाही, आणि दुसऱ्याने सांगितले की परवानगी नसताना करार कसा केलात. जीएमबीएच (मर्यादित जबाबदारीची खासगी कंपनी) प्रकारच्या कंपनीला २५,००० युरोंचे भांडवल दाखवावे लागते आणि नोटरी संपूर्ण करारपत्र मोठ्याने वाचून दाखवतो, तेव्हा भाषा येत नसेल तर अनुवादकाचा खर्चही धरून ठेवा.

मुलीच्या शाळेबद्दल मात्र सावध राहा. बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांना वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटले जाते, आणि तिच्या हाती जर्मन शिकायला जेमतेम तीन वर्षे आहेत. माझ्या मुलाच्या बाईंनी, घरी मराठी बोलली जाते म्हणून विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममध्ये तो टिकणार नाही, असे लिहून दिले, आणि त्याच्या गणिताकडे पाहिलेही नाही. आमच्या राज्यात ती शिफारस बंधनकारक नसल्यामुळे आम्ही त्याला तेथेच घातले आणि तो उत्तम शिकतो आहे, पण तो कागद मी क्षमा करू शकलेले नाही. आपल्या राज्यात शिफारस बंधनकारक आहे का, हे नोकरी निवडतानाच पाहा.

एकटेपणाविषयीही आपण विचारले आहे. तो असतो, हिवाळ्यात अधिक असतो, आणि कामाने बराचसा निभावतो.

करार हाती आला की शोधांच्या हक्कांविषयीचे कलम सही करण्यापूर्वी मला पाठवा; मी ते शब्दशः वाचून कळवीन.