सॉ मिलमधली अप्रेंटिसशिप: नुसता भुसाच झाडायचाय का?

प्रश्न: नमस्कार सर, मला एका सॉ मिलमधून मेंटेनन्सच्या अप्रेंटिसशिपसाठी बोलावणं आलंय, मेकॅनिकल घेणार की इलेक्ट्रिकल असं विचारतायत. पण ओळखीतला एकजण तिथे सहा महिने काढून आला, तो म्हणतो भुसा झाडायला लावतात नाहीतर ग्रीस मारायला, शिकवत कोणी नाही. जाऊ का?

उत्तर: जा. भुसा झाडायला लावतील हे खरंय, मलाही लावलं होतं आणि सुरुवातीचे चार महिने मीही धुसफुसत होतो. पण झाडताना बघत जा रे. मोटरवर थर साचला की तिची उष्णता अडकते, तापलेल्या बेअरिंगजवळ हाच भुसा आत धुमसत राहतो आणि बारीक धूळ बंद जागेत हवेत उडली की ठिणगी पडायचा अवकाश, स्फोट होतो. भुसा रोजच्यापेक्षा बारीक पडायला लागला, करपल्याचा वास आला, तर पात्याची धार गेलीय. एकदा आमची लाइन सारखी थांबत होती, इलेक्ट्रिशियन लॅपटॉप उघडून पीएलसीचा, म्हणजे लाइन चालवणाऱ्या छोट्या कंप्युटरचा, प्रोग्राम तपासत बसलेला, उस्ताद आले, कन्व्हेयरवरच्या सेन्सरच्या काचेवरचा भुसा बाहीने पुसला आणि चहाला गेले. लाइन चालू!

ग्रीसचंही तेच, जास्त मारलं तरी बेअरिंग तापतं, त्यामुळे किती आणि कधी ते आधी विचार, मग पंप दाब.

मेकॅनिकल घेतलंस तर बेअरिंग, चेन, गिअरबॉक्स, तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रॉलिक आणि शाफ्टचं अलाइनमेंट, म्हणजे दोन शाफ्ट एका रेषेत आणणं, डायल गेज लावून शतांश मिलिमीटरमधे मोजायचं, त्याला धीर लागतो. इलेक्ट्रिकलमधे मोटर, तिचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह, सेन्सर, पीएलसी. हाताला काय आवडतं ते बघून घे, पण दुसऱ्या बाजूचंही थोडं उचलत राहा, कारण मोटर ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, तेव्हा खालची चेन जाम झालीय की वायरिंग गेलंय हे मशीन स्वतः सांगत नाही. बऱ्याच देशांत हे शिक्षण तीन-चार वर्षांचं असतं, सहा महिन्यांत पळालेल्याच्या मतावर किती जायचं ते तूच ठरव.

हो म्हणायच्या आधी तिथे विचार की मी कोणाच्या हाताखाली असणार, केलेलं काम लॉगबुकमधे लिहून सही मिळते का आणि शटडाउनच्या दिवशी, म्हणजे दुरुस्तीसाठी मिल बंद ठेवतात तेव्हा, अप्रेंटिसला बरोबर घेतात का, कारण मोठी मशीन उघडलेली बघायला मिळते ती तेव्हाच.

आणि कुलुपाचं विचार. मशीनमधे हात घालण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, मग स्टार्ट दाबून खरंच बंद आहे ना बघायचं. बँडसॉचं, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरवणाऱ्या करवतीचं, जड चाक वीज गेल्यावरही बराच वेळ फिरत राहतं, हायड्रॉलिकमधे दाब अडकून असतो, वर उचललेला भाग खाली येऊ शकतो, तेव्हा तेही थांबवून, सोडवून, टेकवून घ्यायचं. "दोनच मिनिटांचं काम आहे, कुलूप कशाला" असं कोणी म्हणालं तर ती मिल नको. कानात प्लग आणि तोंडाला मास्क पहिल्या दिवसापासून, लाकडाची धूळ कॅन्सरला कारण ठरते हे सिद्ध झालेलं आहे.

प्रश्न: पात्याला धार लावायचं काम मेंटेनन्सवालेच करतात का?

उत्तर: छोट्या मिलमधे करतात, मोठ्या ठिकाणी तो वेगळाच ट्रेड असतो, सॉ डॉक्टर म्हणतात. धार तर मशीनही लावतं. खरी कला पात्याला ताण देण्यात आहे, रोलरने किंवा हातोडीने मधला भाग किंचित ताणतात म्हणजे कापताना कडा तापून वाढल्या तरी पातं डगमगत नाही. मग जुना कारागीर पात्यावर सरळ पट्टी आडवी धरतो आणि एक डोळा मिटून, खालून प्रकाश किती येतो ते बघत पुढे पुढे सरकतो.