तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: खरा फॅन कोण?

प्रश्न : मी बारावीत आहे, मालवणचा. २०१८पासून मँचेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबचा फॅन आहे. ग्रुपमधले मँचेस्टर युनायटेडवाले मला 'प्लास्टिक', म्हणजे नकली फॅन म्हणतात, का तर सिटी जिंकायला लागल्यावर मी आलो. आणि इथे मालवणात बसून कसला रे तू लॉयल, असंही ऐकवतात. खरा फॅन नेमका कोण?

उत्तर : आधी त्या युनायटेडवाल्यांना विचार की ते, किंवा त्यांचे मोठे भाऊ, कधी आले. आपल्याकडे केबल आली तेव्हा टीव्हीवर युनायटेड दिसायची आणि जिंकायची, म्हणून अर्धी पोरं युनायटेडची झाली, साधा हिशोब आहे. जिंकणाऱ्याकडे पोर ओढलं जातंच, त्यात पाप काय नाय. लांब असण्याचं तर सोडूनच दे. आपला चाकरमानी वर्षभर डोंबिवलीत असतो, गणपतीला चार दिवस येतो, म्हणून गाव त्याचं नाही असं कोणी म्हणतं का? (उलट बांधावरून सगळ्यात जास्त भांडतो तोच, असो.)

मी तुला वेगळंच विचारेन. २०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सिटी सलग पाच मॅच हरली, त्यातली शेवटची टॉटनहॅमकडून घरच्या मैदानावर ०-४. मग फेयनूर्डविरुद्ध तीन गोलांनी पुढे असून शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत ३-३ करून बसली. आपल्याकडे ती मॅच रात्री दीडला सुरू झाली होती. तू ती शेवटपर्यंत बघितलीस का, आणि सकाळी कॉलेजात तोंड दाखवलंस का, की 'डोकं दुखतंय' म्हणून घरी राहिलास? त्या दोन महिन्यांत तू जे केलंस तेच तुझं उत्तर, २०१८ वगैरे मला सांगू नकोस.

तुझ्याच क्लबची एक गोष्ट तुला माहीत असावी. १९९८-९९ला सिटी वरून तिसऱ्या पायरीच्या डिव्हिजनमध्ये पडली होती, तरी घरच्या मैदानावर सरासरी २८ हजारांच्या आसपास माणसं यायची. ३० मे १९९९ला वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्यासाठीची फायनल, लंडनचं वेम्बली, समोर जिलिंगहॅम, नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२. बरेच लोक उठून चालायला लागले होते. मग हॉरलॉकचा गोल, मग एक्स्ट्रा पाच मिनिटांत डिकॉवचा, आणि पेनल्टीवर सिटी वर आली. जे उठून गेले ते फॅन नव्हते का? मी तरी तसं म्हणणार नाही, अख्खा सीझन त्या टीमसोबत चिखलातून चालून आलेला माणूस दहा मिनिटं आधी उठला तर उठू दे बिचारा.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी डेम्पोवाला, म्हणजे गोव्याच्या डेम्पो क्लबचा. आमचं घर बांद्याकडे, म्हणजे गोव्याची हद्द समोरच, आणि कोच आर्मांदो कोलासोंच्या काळात डेम्पोने देशपातळीवरच्या नॅशनल लीग आणि आय-लीग मिळून पाच टायटलं मारली तेव्हा आमच्या गल्लीत सगळेच डेम्पोचे होते. २०१६मध्ये क्लब आय-लीगमधून बाहेर पडला, गोव्याच्या लोकल लीगपुरता उरला, आणि गल्ली एकदम शांत. मी नंतरही जायचो, स्टँडवर मोजकी माणसं, पावसाळी हवा, हातात गरम भजी, शेजारी कोणीतरी म्हातारा रेफरीला शिव्या घालतोय. मित्र विचारायचे, 'तुका गावता काय रे त्येतून?' सांगता यायचं नाही. अजूनही येत नाही.

आणि लॉयल म्हणजे मालकाच्या होला हो नव्हे हां. एप्रिल २०२१मध्ये युरोपातल्या १२ बड्या क्लबांनी आपल्यापुरती वेगळी सुपर लीग काढली, त्यात तुझी सिटीपण होती. इंग्लंडमधले फॅन स्वतःच्याच क्लबवर असे काही तुटून पडले की दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब मागे फिरले.

प्रश्न : माझे मिस्टर एफसी गोवाच्या मॅचला कुडाळहून ट्रेनने मडगावला जातात. हरले की दोन दिवस घरात कोणाशी बोलत नाहीत. हे प्रेम की वेड?

उत्तर : ताई, एक विचारा, इंडियन सुपर लीगच्या २०१५च्या फायनलला ते फातोर्ड्याला होते का? स्वतःच्या मैदानावर, ८७व्या मिनिटाला गोवा २-१ पुढे गेली, लोक नाचायला लागले, आणि शेवटच्या काही मिनिटांत स्वतःच्याच गोलकीपरच्या अंगाला लागून एक गोल आणि वर मेंडोझाचा दुसरा, चेन्नईयन ३-२. तिथे होते म्हणाले तर दोन दिवस मापात आहेत, सोडून द्या. नव्हते म्हणाले तर एक दिवस पुरे, दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराची पिशवी हातात द्या. फक्त पोरांवर राग काढत असतील तर मात्र ते फुटबॉलचं कारण चालवून घेऊ नका.

प्रश्न : मी रोनाल्डोसाठी युनायटेड, मग रेआल, मग युव्हेंटस, आता अल-नासर बघतो. मी कुठल्या क्लबचा?

उत्तर : कुठल्याच नाही रे. तू रोनाल्डोचा. चालतं तेही. आमच्याकडे दशावतारात काही लोक कंपनी कुठलीही असो, ठराविक नटाच्या मागे गावोगाव फिरतात, रात्ररात्र जागतात. तो रिटायर झाला की पुन्हा लिही, तेव्हा बोलू.